आधी मामाला

धाकट्या बहिणीचा, शिवानीचा फोन आला तेव्हा विरूपाक्ष एक मिक्सर उघडून बसला होता. चाकूरमध्ये राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, कधी शेतातल्या मोटारीचा स्टार्टर. सगळं बसून करायचं काम. वय छत्तीस, पण उजवा गुडघा सत्तरीतल्या माणसाचा. तो सरळ होत नव्हता आणि डावा कोपर पुरता उघडत नव्हता. रक्त गोठायला शरीरात जे फॅक्टर लागतं ते त्याच्या अंगात जन्मापासून नव्हतं. हिमोफिलिया. अशा माणसाला कुठं कापलं की लोक घाबरतात, पण खरं नुकसान होतं ते आत, सांध्यात, कुणाला रक्ताचा थेंब न दिसता. विरूपाक्षचा गुडघा लहानपणापासून असाच भरत आला होता. दरवेळी सूज उतरायची आणि गुडघा आधीपेक्षा थोडा कमी वळायचा.

"अण्णा, नांदेडला येतोस का? ह्याच आठवड्यात," शिवानी म्हणाली.

"काय झालं? संगमेशला लागलं का?"

"लागलं न्हाई. म्हणूनच अडलंय."

संगमेश तिचा मुलगा, पाच वर्षांचा. त्यालाही तोच आजार होता. रांगायला लागला आणि गुडघ्यांवर निळे डाग उठायला लागले, तेव्हाच शिवानीनं ओळखलं होतं. आतापर्यंत त्याचं असं चालायचं की सांधा सुजला, की दवाखान्यात पळायचं, शिरेतून फॅक्टर द्यायचं, घरी यायचं. पण गेल्या वर्षभरात त्याचा डावा गुडघा तीनदा भरला. तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, की आता सुजायची वाट बघत बसू नका. नवं इंजेक्शन आलंय. ते शिरेत नाही, कातडीखाली द्यायचं, ठरलेल्या तारखेला, लागलेलं असो नसो. म्हणजे मुळात रक्त उतरणारच नाही, किंवा फार कमी उतरेल.

शिवानीचा नवरा उमाशंकर तयार होता. अडलं होतं ते सासऱ्यांपाशी. गुरुपादप्पांची, सगळ्यांच्या अप्पांची, मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात आडत होती आणि घरात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. तसे ते नातवाच्या मागं मागं फिरणारे. मागच्या वेळी फॅक्टर देताना पोराची शीर सापडत नव्हती. सात ठिकाणी टोचलं. चौघांनी त्याला दाबून धरलं होतं, त्यात पाय धरणारे स्वतः अप्पा होते. त्या दिवसापासून ते म्हणत होते, "रक्त उतरल्यावर सुई, हे मला कळतंय. पोरगं अंगणात पळायलंय आणि त्याला धरून न्यायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"तू सांगितलंस तर ऐकतील," शिवानी म्हणाली. "तुझा पाय बघितलाय त्यांनी."

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून गौरम्मा, दोघांची आई, सगळं ऐकत होती. तिनं दुसऱ्या दिवशी दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली.

"तूही चल ना, अव्वा," विरूपाक्ष म्हणाला.

"न्हाई. तिथं माझं तोंड वर होत न्हाई."

हा आजार बायकांच्या रक्तातून येतो आणि पोरांना होतो, हे गौरम्माला फार उशिरा कळलं होतं. कळल्यापासून तिनं तो विषय कुणाशी काढला नव्हता.

चाकूरहून नांदेडपर्यंत विरूपाक्ष एसटीत कडेच्या सीटवर, उजवा पाय मधल्या वाटेत काढून बसला. अहमदपूरला, लोह्याला चढणारी माणसं पायाला अडखळून त्याच्याकडं बघत होती.

अप्पा संध्याकाळी मोंढ्यातून आले. 'शरणार्थ' म्हणून नमस्कार झाले, चहा आला. विरूपाक्षनं आडवळण घेतलं नाही.

"अप्पा, माझ्या लहानपणी घरी बर्फ लावायचे. लईच झालं तर लातूरला नेऊन रक्ताची पिशवी चढवायची, आणि सूज उतरंपर्यंत पडून राहायचं. सातवीत मी दोन महिने शाळेत गेलो न्हाई. संगमेशचा गुडघा तीनदा भरलाय म्हणता, पण पोरगं पळतंय म्हणता. माझा तीनदा भरला तवा मी बी पळतच होतो."

अप्पा ऐकत राहिले. कपातला चहा बशीत ओतून प्यायले आणि मग त्यांनी विचारलं, "हे इंजेक्शन लातूरला मिळतंय?"

"मिळतंय."

"मोठ्या माणसाला चालतंय?"

"चालतंय."

"तुमी घेता?"

विरूपाक्षला हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी लातूरच्या डॉक्टरांनी त्याला हेच इंजेक्शन सुरू करायला सांगितलं होतं. तो 'बघू' म्हणून आला होता. नंतर दवाखान्यातून दोनदा फोन आला, तेव्हाही त्यानं काहीतरी कारण सांगितलं होतं.

"न्हाई," तो म्हणाला.

"का?"

"माझं आता काय राहिलंय? गुडघा गेलाच."

"मग मला सांगायला कशाला आलात?" अप्पांच्या आवाजात राग नव्हता. "भोकरकडचा माणूस हळद घेऊन येतो. म्हणतो, अप्पा, लई भारी माल हाय. मी त्याला विचारतो, तुझ्या घरच्या भाजीत हीच पडती का? तो हाव म्हणला तर पुढचं बोलणं."

शिवानी कप न्यायला आली होती. तिनं ऐकलं, कप उचलले. स्वयंपाकघरात गेल्यावर तिनं भावाला आत बोलावून घेतलं.

"कधी सांगितलं होतं डॉक्टरांनी?"

"आठ महिने झाले."

"अव्वाला माहीत हाय?"

"न्हाई."

ती वांगी चिरत होती. तिनं पुढचं वांगं घेतलं. मग विरूपाक्षच बोलला. "शिवा, आत्ता घेतलं आणि खरंच रक्त थांबलं, तर काय? मग तीस वर्षं उगाच गेली म्हणायची. न्हाई घेतलं तर नशिबात होतं म्हणता येतंय."

शिवानीनं विळी आडवी केली.

"हे तुझं दुखणं हाय, अण्णा. त्यात माझ्या पोराला बसवू नको."

तो उठला. बाहेर अप्पा पेपर वाचत बसले होते. त्यांच्यासमोर उभं राहूनच तो म्हणाला, "मी घेतो. पण आधी मला देऊन बघायचं आणि मग पोराचं ठरवायचं म्हणाल, तर चालायचं न्हाई. तंवर त्याचा गुडघा चौथ्यांदा भरंल. दोघं एकाच दिवशी घेऊ."

अप्पांनी चष्मा काढला. "एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी. आधी मी."

"ठीक हाय," अप्पा म्हणाले. "बघू."

लातूरहून कागद आणायला, तपासण्या व्हायला पंधरा दिवस गेले. पहिले चार डोस आठवड्याला एक असे होते, आणि ते चारही एकाच दवाखान्यात घेतलेले बरे, असं मॅडमनी सांगितलं. म्हणजे विरूपाक्षला महिनाभर नांदेडला राहणं आलं. बहिणीच्या सासरी महिनाभर राहायचं म्हणजे ताटावर बसताना अवघड वाटतं. म्हणून चाकूरहून येताना तो आपली हत्यारांची पिशवी सोबत घेऊनच आला.

पहिल्या सोमवारी दवाखान्यात दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. ऋतुजा नावाची सिस्टर होती, भोकरची. तिनं बाटल्या फ्रीजमधून आधीच काढून ठेवल्या होत्या. थंडगार औषध टोचलं तर जास्त झोंबतं, म्हणाली. संगमेश अप्पांच्या धोतराला धरून उभा होता. सिस्टरनं त्याच्याकडं बघितलं तसा तो म्हणाला, "आधी मामाला."

विरूपाक्षनं शर्ट वर केला. सुई म्हटलं की त्याचं अंग आपोआप आवळायचं. हाताला पट्टा, शीर शोधणं, सापडली म्हणता म्हणता ती निसटणं, पुन्हा दुसरा हात. तीस वर्षांची सवय. सिस्टरनं पोटाची कातडी चिमटीत धरली, बारीक सुई तिरकी घातली आणि सावकाश औषध सोडलं. थोडं जळजळलं.

"झालं," ती म्हणाली.

"झालं?"

"झालं की."

संगमेश मामाच्या तोंडाकडं बघत होता. "दुखलं?"

"जळजळ होती थोडी," विरूपाक्षनं खरं ते सांगितलं. "दहा आकडे म्हणंपर्यंत."

शिवानीनं पोराला मांडीवर घेतलं. अप्पा सवयीनं पुढं आले आणि त्याचे पाय धरायला वाकले.

"अप्पा, तुमी बसा," सिस्टर म्हणाली. "धरायचं काही नाही यात."

अप्पा तसेच उभे राहिले. संगमेशनं आकडे मोजायला सुरुवात केली, सातावर रडला आणि मांडीवर कापूस दाबेपर्यंत गप्पही झाला. अप्पांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

निघताना सिस्टरनं दोघांना एकेक कार्ड दिलं. "हे कायम जवळ ठेवा. आणि एक लक्षात घ्या. हे औषध रक्त उतरू नये म्हणून आहे. पडलात, सांधा सुजला तर फॅक्टर लागू शकतं, तेव्हा यायचंच. डोक्याला लागलं तर काही दिसायची वाट बघायची नाही, लगेच यायचं. आणि कुठल्याही डॉक्टरकडं गेलात की हे इंजेक्शन चालू आहे म्हणून आधी सांगायचं."

त्या महिन्यात विरूपाक्षनं घरातले तीन पंखे, मिक्सर, गिझर आणि शेजाऱ्यांच्या दोन इस्त्र्या दुरुस्त केल्या. अप्पा रोज सकाळी लिंगपूजा झाली की संगमेशला समोर उभं करून त्याचे दोन्ही गुडघे हातानं चाचपायचे. डावा गरम आहे का, उजव्यापेक्षा मोठा दिसतोय का. आठवडाभरानं ते विरूपाक्षलाही म्हणाले, "तुमचा बी दाखवा." विरूपाक्षनं लुंगी वर केली. वेडावाकडा, हाडांचा तो गुडघा अप्पांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितला. त्यावर हात ठेवून ते बसले आणि मग मोंढ्याकडं निघाले.

पुढं घरीच इंजेक्शन देता यावं म्हणून कुणीतरी शिकायचं होतं. उमाशंकर सुई बघूनच घामाघूम झाला. शिवानी शिकली. दोन सोमवार तिनं स्पंजच्या तुकड्यावर हात बसवला. औषध किती ओढायचं, हवेचा बुडबुडा कसा काढायचा, दरवेळी जागा कशी बदलायची. चौथ्या सोमवारी सिस्टर म्हणाली, "आता खऱ्या माणसाला."

"मला दे," विरूपाक्ष म्हणाला.

शिवानीनं त्याच्या पोटाची कातडी धरली, पण सुई टेकवून ती थांबली. सिस्टर बाजूला उभी होती.

"अण्णा," ती हळू म्हणाली, "माझ्याकडूनच गेलंय त्याच्यात. आणि आता त्याला टोचायचं बी मीच?"

विरूपाक्षनं खाली बघितलं. लहानपणी हीच पोरगी त्याच्या गुडघ्याला बर्फाचं फडकं धरून झोपून जायची.

"अव्वाकडून मला आलं, तुला बी आलं," तो म्हणाला. "तिनं काय जाणून दिलं? टोच आता. औषध भरून ठेवलंय."

तिनं टोचलं. नीट गेलं. मग तिनं हात धुतले, दुसरी सुई घेतली आणि संगमेशला दिलं. त्या दिवशी तो नऊपर्यंत मोजत गेला.

विरूपाक्ष चाकूरला परत आला. आता दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन होतं. लातूरहून बर्फाच्या डब्यात औषध आणायचं आणि स्वतःच घ्यायचं. आयुष्यभर बारीक वायरी जोडलेला माणूस, त्याला ते अवघड गेलं नाही. गौरम्मानं फ्रीजचा एक कप्पा रिकामा करून पुसून ठेवला होता. त्यात ती कोथिंबिरीची काडीसुद्धा ठेवत नसे.

पहिला महिना गेला, दुसरा गेला. सकाळी जाग आली की अंथरुणातच तो एकेक सांधा हलवून बघायचा. रक्त उतरायला लागलं की सूज येण्याआधी आत मुंग्या आल्यागत होतं, कोमट वाटतं. तसं काही होत नव्हतं. पूर्वी महिन्यातून दोनदा तरी व्हायचं. चार महिने काहीच झालं नाही, तेव्हा तो थोडा चिडचिडा झाला. गौरम्माला कळेना, की पोरगं बरं असताना का चिडतंय. एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "सातवीच्या वर्षी हे असतं तर?" ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. त्यानं लगेच विषय बदलला.

पाचव्या महिन्यात ज्ञानोबा नावाचा एक शेतकरी दुकानात आला. त्याचं शेत गावापासून तीन किलोमीटरवर. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बिघडला होता आणि तो भिंतीत इतका पक्का बसवलेला होता की काढून आणता येईना. "तुमी येऊन बघता का?" त्यानं सहज विचारलं. विरूपाक्ष शेतावर कधी जातच नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

"चला," विरूपाक्ष म्हणाला.

"मोटारसायकलवर?" गौरम्मा आतून म्हणाली.

"तीन किलोमीटर हाय, अव्वा."

शेतापर्यंत पोचलेच नाहीत. वाटेत बारीक रेती पसरलेली होती. चाक सरकलं आणि दोघं आडवे झाले. ज्ञानोबाला काही झालं नाही. विरूपाक्ष डाव्या गुडघ्यावर पडला. चांगल्या गुडघ्यावर.

अर्ध्या तासात मुंग्या सुरू झाल्या. त्या त्यानं ओळखल्या. ज्ञानोबानं गाडी करून त्याला थेट लातूरला नेलं. त्यानं कार्ड दाखवलं, कुठलं इंजेक्शन चालू आहे ते सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं, फॅक्टर दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं आणि पाय वर ठेवून पडून राहायला सांगितलं.

"मी आता रक्त उतरत न्हाई असं धरूनच चाललो होतो," विरूपाक्ष त्यांना म्हणाला.

"औषध आहे म्हणून गुडघा लोखंडाचा होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण सूज बघा. मागच्या वेळचा फोटो आहे माझ्याकडं. ही त्याच्या पावसुद्धा नाही."

चौथ्या दिवशी तो काठी घेऊन घरात फिरत होता. तरी नांदेडला फोन करायचं त्याच्या जिवावर आलं होतं. अप्पांना कळलं तर ते पोराचं इंजेक्शन बंद करतील, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. शिवानीला एकटीला सांगावं असंही वाटलं. पण एकदा लपवून झालं होतं. त्यानं अप्पांनाच फोन लावला आणि सगळं सांगितलं.

पलीकडं मोंढ्यातला गलका ऐकू येत होता.

"पडून किती दिवस होता?" अप्पांनी विचारलं.

"तीन."

"आणि हे इंजेक्शन नसतं तर?"

"महिना तरी. आणि मग हा बी गुडघा उजव्यासारखाच झाला असता."

"हूं." ते म्हणाले, "संगमेश परवा पायऱ्यांवरून पडला. मी दिवसभर दुकानात गेलो न्हाई, त्याच्या गुडघ्याकडं बघत बसलो. एवढासा काळा डाग आला, बास. उद्या त्याची तारीख हाय. तुमची बी उद्याच ना?"

"उद्याच."

"चुकवू नका," अप्पा म्हणाले आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागले.

ज्ञानोबाची मोटार बंदच होती. दुसरा मेकॅनिक मिळेना. तीन आठवड्यांनी, पायाची सूज पूर्ण उतरल्यावर आणि डॉक्टरांना विचारून, विरूपाक्ष पुन्हा निघाला. ह्या वेळी रस्ता होता तिथपर्यंत ऑटोनं आणि पुढं काठी टेकत पायी. हत्यारांची पिशवी गौरम्मानं घेतली होती. त्यानं दोनदा मागितली, तिनं दिली नाही.

कापणी झालेल्या तुरीच्या रानातून वाट जात होती. पायात धसकटं येत होती म्हणून दोघं सावकाश चालत होते. विहीर दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "तुला माझा राग येत होता का रे?"

विरूपाक्ष थांबला. काठीवर भार देऊन त्यानं पाय सारखा केला.

"येत होता. लहान होतो तवा."

"आणि आता?"

"आता न्हाई, अव्वा. शिवाला सुई टोचताना बघितलं तवाच गेला."

ती पुढं चालायला लागली. विहिरीजवळच्या खोलीत ज्ञानोबा वाट बघत होता. त्यानं बसायला पोतं टाकलं. विरूपाक्ष उजवा पाय लांब करून भिंतीपाशी बसला, टेस्टर मागून घेतला आणि स्टार्टरचं झाकण उघडलं. आत पालीची तीन अंडी होती आणि एक वायर जळून काळी पडली होती. काम तासाभराचं होतं.